हवा कुठून, पाणी कुठून : ओटीच्या एएचयूची कॉइल बदलताना

नागपूरच्या धंतोलीतल्या पन्नास खाटांच्या एका ट्रस्ट रुग्णालयात मी देखभाल विभाग पाहते. माझी पदविका विद्युत शाखेची आहे, त्यामुळे पॅनेल, मोटार किंवा जनरेटर यांची भीती मला कधी वाटली नाही. पण पाण्याचे पाइप आणि वातानुकूलनाच्या कॉइल (आतून पाणी खेळणाऱ्या नळ्यांचे जुडगे, ज्यातून हवा जाते) हा विषय मी वर्षानुवर्षे कंत्राटदारावर सोपवून मोकळी होत असे. दुसऱ्या क्रमांकाच्या ऑपरेशन थिएटरला (ओटीला) गाळलेली थंड हवा पुरवणाऱ्या एअर हँडलिंग युनिटमधली, म्हणजे एएचयूमधली, थंड पाण्याची कॉइल बदलणे आणि तिच्या पुढे गरम पाण्याची नवी कॉइल बसवणे हे काम अंगावर आले, तेव्हा मात्र ते समजून घेण्यावाचून गत्यंतर राहिले नाही. पहिल्या तक्रारीपासून शेवटच्या बिलापर्यंत जवळजवळ एक वर्ष गेले. या काळात मला कोणी आधी सांगितले असते तर बरे झाले असते अशा बऱ्याच गोष्टी कळल्या, आणि असेच काम पुढ्यात असलेल्या दुसऱ्या कोणाला त्या उपयोगी पडाव्यात म्हणून घडले तसे लिहून काढत आहे.

१२ ऑगस्ट २०२४ रोजी अस्थिरोग विभागाच्या डॉक्टरांनी ओटीतली हवा दमट लागते अशी लेखी तक्रार दिली. मी मीटर घेऊन आत गेले, तेव्हा तापमान २१ अंश होते आणि आर्द्रता ६८ टक्के. रुग्णालयांना गुणवत्तेची मान्यता देणाऱ्या एनएबीएच या संस्थेच्या निकषांप्रमाणे ओटीत आर्द्रता २० ते ६० टक्क्यांच्या दरम्यान राहायला हवी. तापमान आणखी उतरवून पाहिले, तर भूलतज्ज्ञांनी ताबडतोब हरकत घेतली, कारण टेबलावरचा रुग्ण गारठतो. आणि आर्द्रतेचा आकडा त्यानंतरही साठाच्या खाली आला नाही.

हे असे का होते, ते नागपूरकराला कूलरवरून लवकर समजेल. मे महिन्यात, नवतपात, पारा ४५ अंशांवर गेला तरी हवा इतकी कोरडी असते की खसच्या टट्टीतून आलेला वारा सुखावतो. तोच कूलर जुलैत लावला की अंग चिकचिकते आणि पापड सादळतात. पावसाळ्यातली अडचण उष्णतेची कमी आणि बाष्पाची जास्त असते. हवेतले बाष्प काढायचे तर ती दवबिंदूच्या खाली थंड करून पाणी गाळून टाकावे लागते, म्हणजे बारा अंशांच्या आसपास न्यावी लागते; पण इतकी थंड हवा सरळ ओटीत सोडली की खोली गारठते. म्हणून आधी थंड कॉइलने पाणी गाळायचे आणि लगेच पुढच्या गरम कॉइलने हवा सहा-एक अंशांनी वर आणायची, अशी रचना असते. आमच्या युनिटमध्ये या कामासाठी पूर्वी विजेचा हीटर होता, परंतु सुरक्षा कटआउट वारंवार पडू लागल्याने तो मी येण्याच्या आधीच काढून टाकला होता. नागपुरात हीटरची गरजच काय, असा प्रश्न ट्रस्टच्या समितीतही विचारला गेला. त्याचे उत्तर जानेवारीच्या थंडीत नसून जुलैच्या दमटपणात आहे, हे समजावून सांगायला मला दोन बैठका लागल्या.

सप्टेंबरमध्ये पाहणी केली. जुन्या कॉइलच्या दोन वाकांवर हिरवट डाग होते, म्हणजे तिथून पाणी पाझरत होते. कडेच्या फिन, म्हणजे नळ्यांवरच्या पातळ धातूच्या पट्ट्या, बोट लावताच पिठासारख्या सुटत होत्या. आणि कॉइलवरून गळलेले पाणी झेलणाऱ्या ड्रेन पॅनमध्ये दोन बोटे पाणी कायम साचलेले होते. त्या दिवशी मी आणखी एक नोंद केली, जिचा अर्थ मला तेव्हा लागला नाही. कॉइलमध्ये जाणारे पाणी ७.५ अंश, बाहेर पडणारे १२ अंश, आणि कॉइलमधून निघालेली हवा १५ अंश. फिन खराब झाल्यामुळे हवा पुरेशी थंड होत नसेल, असे मी गृहीत धरले.

तीन निविदा, तुलनात्मक तक्ता, लेखा विभागाचा शेरा आणि मग ५ ऑक्टोबरच्या शनिवारी समितीची बैठक, असा क्रम झाला. युनिट २००० सीएफएमचे, म्हणजे मिनिटाला तेवढे घनफूट हवा देणारे, त्यामुळे ५०० फूट प्रति मिनिट या नेहमीच्या वेगाने हवा जायची तर कॉइलचा चेहरा चार चौरस फुटांचा हवा होता. थंड कॉइल नळ्यांच्या सहा रांगांची, ४६,५०० रुपये. गरम कॉइल एका रांगेची, १९,८०० रुपये. पाइप, व्हॉल्व्ह, इन्सुलेशन, मजुरी, तसेच गच्चीवरच्या हीट पंपाच्या गरम पाण्यातून उष्णता घेणारा छोटा प्लेट हीट एक्स्चेंजर आणि त्याचा पंप मिळून २,१२,००० रुपये. सगळे आकडे कराशिवायचे आहेत. समितीने २,८५,००० रुपये मंजूर केले. गरम कॉइलचे पाणी नळाच्या गरम पाण्यापासून वेगळे, बंद वर्तुळात ठेवावे, ही सूचना पाइपच्या कंत्राटदाराची होती आणि ती योग्य होती. रुग्णांच्या आंघोळीचे पाणी एएचयूच्या लोखंडी पाइपांतून फिरवणे कुठल्याही हिशोबाने बरे नव्हे.

१४ ऑक्टोबरला ऑर्डर गेली आणि चार दिवसांत मंजुरीसाठी ड्रॉइंग आले. माझी चूक इथे झाली. कॉइलला ‘हात’ असतो, म्हणजे पाइपांची तोंडे उजव्या बाजूला आहेत की डाव्या, हे आधी सांगावे लागते. मी एएचयूचे दार उघडून, ब्लोअरकडे, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याकडे, पाठ करून, हवा जिकडून येते तिकडे तोंड करून उभी राहिले, आणि पाइप उजव्या हाताला दिसले म्हणून फॉर्मवर ‘उजवा’ लिहिले. कॉइल बनवणारे मात्र हवा आपल्या पाठीवर येते आहे असे धरून हात ठरवतात. ड्रॉइंगवर हवेच्या दिशेचा बाण स्पष्ट छापलेला होता. मी लांबी, उंची, रांगा, तोंडांचा व्यास हे सर्व पट्टी लावून तपासले, पण तो बाण युनिटशी ताडून पाहिला नाही आणि सही केली.

पाच आठवड्यांचा वायदा होता. मध्ये दिवाळी आली आणि कॉइल ३ डिसेंबरला पोहोचल्या. लाकडी पेटी उघडून आम्ही थंड कॉइल युनिटसमोर उभी केली. आमचे पाइप फिटर, ज्यांना रुग्णालयात सगळे काका म्हणतात, काही न बोलता तिच्याभोवती एक फेरी मारून आले आणि म्हणाले, “ताई, हिचं तोंड भिंतीकडे येते.” हवा पाठीवर घेऊन पाहिले, तर पाइप डावीकडे होते, कॉइलची तोंडे उजवीकडे, आणि उजवीकडे भिंत.

पुढचे दोन दिवस फार अस्वस्थतेत गेले. कोणी म्हणाले, कॉइल फिरवून घाला, चौकोनच तर आहे. मलाही ते पटू लागले होते, कारण परत पाठवणे म्हणजे महिनाभराचा उशीर, वरचा खर्च आणि समितीसमोर स्पष्टीकरण. मी कॉइल बनवणाऱ्या कारखान्याच्या अभियंत्यांना फोन केला. त्यांनी शांतपणे, कागदावर चित्र काढायला लावून, जे समजावले ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण या सगळ्या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

सहा रांगांच्या कॉइलमध्ये थंड पाणी हवा बाहेर पडते त्या बाजूने आत शिरले पाहिजे आणि हवा आत येते त्या बाजूने बाहेर पडले पाहिजे. म्हणजे हवा आणि पाणी एकमेकांच्या उलट चालतात, आणि जी हवा पाच रांगा ओलांडून आधीच थंड झालेली आहे तिला शेवटच्या रांगेत सर्वांत थंड पाणी भेटते. त्यामुळे निघणारी हवा परतीच्या पाण्यापेक्षाही थंड होऊ शकते. कॉइल उभ्या अक्षाभोवती फिरवली, तर तोंडे हव्या त्या बाजूला येतात, पण पुढची बाजू मागे जाते. मग हवा आणि पाणी एकाच दिशेने चालू लागतात. सर्वांत थंड पाणी सर्वांत गरम हवेवर खर्च होते, आणि शेवटी बारा अंशांवर आलेल्या पाण्यासोबत निघणारी हवा बारा अंशांच्या खाली जाऊच शकत नाही. दुसरा मार्ग म्हणजे कॉइल उलटी, डोके खाली करून बसवणे. त्यात दिशा बिघडत नाही, पण पाण्याचे तोंड वर जाते. पाणी खालून भरत वर चढले, तर आतली हवा पुढे ढकलत वरच्या व्हेंटमधून बाहेर काढते. वरून सोडले, तर हवेचे बुडबुडे वरच्या नळ्यांत अडकून राहतात आणि तेवढ्या नळ्या कामातून जातात.

फोन ठेवल्यावर मी सप्टेंबरची वही काढली. पाणी बाहेर १२, हवा १५. टॉर्च घेऊन एएचयूच्या खोलीत गेले, फिल्टर काढले आणि वाकून जुन्या कॉइलच्या चौकटीवरची धूळ ओल्या फडक्याने पुसली. खालच्या कोपऱ्यात एक पिवळसर स्टिकर निघाले, अर्धे सोललेले, त्यावर बाण. बाण माझ्या दिशेने होता, म्हणजे ब्लोअरकडून फिल्टरकडे. आणि हवा तर फिल्टरकडून ब्लोअरकडे जाते. आमच्या आधी कोणाच्या तरी हाताची अशीच गफलत झाली होती आणि त्यांनी कॉइल फिरवून बसवली होती. सप्लाय, म्हणजे पाणी आत आणणारा पाइप, खालच्या तोंडाला जोडलेला होता, त्यामुळे बाहेरून पाहणाऱ्याला सर्व यथास्थित वाटावे असेच होते. ओटी नंबर दोन पावसाळ्यात दमट का राहते, याचे उत्तर इतकी वर्षे त्या स्टिकरवर होते. दरम्यानच्या काळात मोठा चिलर, म्हणजे पाणी थंड करणारे यंत्र, घेण्याचा प्रस्तावही एकदा समितीपुढे येऊन गेला होता.

त्यानंतर कॉइल परत करण्याविषयी माझ्या मनात शंका उरली नाही. ६ डिसेंबरला ती चलनावर परत गेली. चूक माझ्या सहीची होती, तरी कारखान्याने परत गेलेल्या कॉइलचे निम्मे पैसे वळते करून दिले, त्यामुळे रुग्णालयाला २३,२५० रुपयांचा भुर्दंड पडला. मी समितीला दोन पानी टिपण दिले, त्यात फॉर्म, ड्रॉइंग आणि जुन्या कॉइलच्या बाणाचा फोटो जोडला. ते सादर करताना मला फार संकोच वाटत होता. पण अध्यक्षांनी फोटो दोनदा पाहिला आणि एवढेच विचारले की नंबर एकच्या युनिटमध्ये बाण कुठे आहे. तो मी त्याच संध्याकाळी पाहून आले. तो बरोबर होता.

गरम कॉइल मात्र परत पाठवावी लागली नाही. ती एकाच रांगेची असल्याने तिला पुढची-मागची बाजू अशी नाही. ती उभ्या अक्षाभोवती फिरवली तरी सप्लायचे तोंड खालीच राहते आणि कामात फरक पडत नाही. हे कळले नसते, तर मी घाबरून तीही परत केली असती.

दुसरी थंड कॉइल ९ जानेवारी २०२५ रोजी आली. या वेळी ट्रकमधून उतरवतानाच बाण पाहिला. कॉइल चाळीसेक किलोंची असते आणि माणसांचा हात सहज हेडरकडे, म्हणजे सगळ्या नळ्या जोडणाऱ्या जाड पाइपाकडे, जातो, कारण ते धरायला सोपे वाटते. पण हेडर आणि नळ्यांचे जोड पातळ तांब्याचे असतात, त्यामुळे वजन फक्त चौकटीवर घ्यायचे. युनिटमध्ये घालण्याआधी आम्ही ती गच्चीवर पाण्याने भरली, हातपंपाने ६ किलोचा (चौरस सेंटिमीटरला) दाब दिला आणि अर्धा तास ठेवला. वाहतुकीत जोड तडकला असेल, तर तो इथेच कळलेला बरा. नंतर दोष कारखान्याचा की फिटिंगचा या वादात दिवस जातात.

ओटी बंद ठेवण्याची परवानगी हा वेगळाच प्रवास आहे. संसर्ग नियंत्रण समितीची मंजुरी, शल्यचिकित्सकांशी बोलून यादीचे पुनर्नियोजन, तातडीच्या शस्त्रक्रियांसाठी नंबर एकची व्यवस्था, आणि वेल्डिंगसाठी अग्निसुरक्षेचा रोजचा परवाना, कारण एएचयूच्या खोलीच्या खालीच ऑक्सिजनची लाइन जाते. परवाना सकाळी ८ ते संध्याकाळी ५ एवढाच, दोन अग्निशामक आणि एक माणूस सतत हजर, या अटीवर मिळाला. शनिवार १८ जानेवारीच्या संध्याकाळी ओटी बंद केली.

पहिल्या दिवशी जुनी कॉइल निघाली आणि युनिट आतून धुऊन घेतले. नवी कॉइल बसवताना चौकट आणि युनिट यांच्यातली फट चारही बाजूंनी पत्र्याच्या पट्टीने बंद केली. ही फट राहिली, तर हवा सोपा रस्ता शोधते आणि न गाळलेले बाष्प बाजूने निसटून पुढे जाते. जुन्या बसवणीत वरच्या बाजूला दीड इंच मोकळी जागा तशीच सोडलेली होती.

मग पाइप. आठ टनांच्या, म्हणजे २८ किलोवॅटच्या, थंड करण्याच्या क्षमतेसाठी पाणी ७ अंशांवर येऊन १२ अंशांवर परत जाणार असेल तर मिनिटाला सुमारे ८० लिटर पाणी लागते. त्यासाठी ४० मिलिमीटरचा पाइप पुरतो. गरम कॉइलला मिनिटाला दहा लिटरही लागत नाहीत, तिला २० मिलिमीटर पुरे. सप्लायवर आधी बंद करण्याचा व्हॉल्व्ह, मग गाळणी, मग थर्मामीटर आणि प्रेशर गेज. रिटर्नवर पुन्हा थर्मामीटर आणि गेज, मग कंट्रोल व्हॉल्व्ह, मग बॅलन्सिंग व्हॉल्व्ह, शेवटी बंद करण्याचा व्हॉल्व्ह. व्हॉल्व्हच्या अंगावरही बाण असतो, हे आता मला सांगावे लागत नव्हते. सप्लाय आणि रिटर्न यांच्यामध्ये कॉइलला वळसा घालणारा छोटा बायपास ठेवला. कॉइलजवळचा हातभर पाइप दोन्ही बाजूंनी फ्लँजने जोडला, म्हणजे पुढे कधी कॉइल काढायची झाली, तर तेवढा तुकडा सोडवून ती सरळ बाहेर ओढता येईल, पाइप कापावे लागणार नाहीत. सर्व वेल्डिंग कॉइलपासून दूर आणि आधीच उरकले.

शेवटचा जोड काकांनी स्वतः घेतला. कॉइलच्या तोंडाला पितळी आटे असतात, आणि लोखंड व तांबे यांचा थेट संबंध येऊ नये म्हणून मध्ये डायइलेक्ट्रिक युनियन होते. त्यांनी एक पाना हेडरच्या तोंडावर लावला आणि मला धरायला दिला. “हा हलू देऊ नका,” म्हणाले. दुसऱ्या पान्याने त्यांनी युनियन आवळायला सुरुवात केली. प्रत्येक पाव फेऱ्याला माझ्या हातातला पाना वळू पाहत होता आणि तो जोर मनगटात जाणवत होता. तो जोर मी अडवला नसता, तर तो हेडरवर गेला असता आणि आतल्या नळ्यांचे जोड पिळवटले असते. अशी गळती आज दिसत नाही, दोन महिन्यांनी दिसते. एका पान्याने कॉइलचे तोंड आवळताना कोणी दिसले, तर त्याला थांबवावे, मग तो कितीही अनुभवी असो.

कॉइल बंद ठेवून बायपासमधून पाणी फिरवले, तेव्हा पहिली बादली चहासारखी निघाली. त्यात वेल्डिंगचे खडे, गंज, टेफ्लॉनच्या चिंध्या आणि एक अख्खे वॉशर होते. गाळणीची जाळी तीनदा काढून धुतली आणि चौथ्या वेळी ती स्वच्छ निघाल्यावरच कॉइलचे व्हॉल्व्ह उघडले. हे काम अर्ध्या दिवसाचे आहे आणि घाईत नेमके हेच गाळले जाते; तो सगळा कचरा मग नव्या कॉइलच्या बारीक नळ्यांत जाऊन बसतो.

दाबाची चाचणी कामाच्या दाबाच्या दीडपट करतात. आमच्याकडे ४ किलो, म्हणून ६ किलोवर रात्रभर ठेवायचे ठरले. पहाटे साडेपाचला मी वर गेले, तर काटा ५.७ वर. थंडीचे दिवस, गच्ची गार पडलेली. मी तासभर प्रत्येक जोडावर कोरडा टिश्यू पेपर फिरवत बसले, पण एकही ओला झाला नाही. काकांनी चहा पीत सांगितले, “काऊन घाबरता ताई, ऊन येऊ द्या.” अकराच्या सुमारास काटा पुन्हा सहाजवळ आला. बंद पाइपातले पाणी गार झाले की दाब उतरतो. म्हणून चाचणी सुरू करताना आणि संपताना वेळेसोबत पाण्याचे तापमानही लिहून ठेवावे, नाहीतर अशा उताराचा अर्थ लावताना जीव टांगणीला लागतो.

व्हेंट उघडण्याचा क्षण मला चांगला आठवतो. वरच्या हेडरवरची छोटी चावी अर्धा फेरा फिरवली, तशी आधी नुसती हवा फुसफुसली, मग थुंकल्यासारखे पाण्याचे शिंतोडे, पुन्हा हवा, पुन्हा शिंतोडे, आणि शेवटी दोऱ्यासारखी अखंड धार. ती धार आल्यावरही पंप तासभर चालवून आम्ही पुन्हा व्हेंट उघडले, आणि पुन्हा थोडी हवा निघाली.

ड्रेनच्या ट्रॅपने, म्हणजे पाणी अडवून हवा रोखणाऱ्या वाकड्या पाइपाने, आमचे सर्वाधिक डोके खाल्ले. आमच्या युनिटमध्ये ब्लोअर कॉइलच्या पुढे आहे, तो हवा ओढतो, त्यामुळे पॅनच्या जागी बाहेरच्यापेक्षा कमी दाब असतो. ट्रॅपमधले पाणी त्या ओढीपुढे टिकले नाही, तर बाहेरची हवा ड्रेनमधून आत शोषली जाते आणि पॅनमधले पाणी बाहेर पडतच नाही. जुन्या पॅनमध्ये साचणाऱ्या दोन बोटे पाण्याचे कारण हेच होते. आम्ही मोजलेली ओढ पाण्याच्या स्तंभात ५० मिलिमीटर होती. पॅनच्या तोंडापासून ट्रॅपच्या बाहेरच्या तोंडापर्यंतचा उतार त्याहून २५ मिलिमीटर जास्त, म्हणजे ७५, आणि ट्रॅपमधल्या पाण्याची खोली त्याच्या निम्मी, म्हणजे सुमारे ३८ मिलिमीटर, असा हिशोब धरला. युनिटचा चौथरा मात्र केवळ १०० मिलिमीटर उंच, त्यात हा ट्रॅप मावेना. शेवटी गवंड्याने चौथऱ्याच्या कडेला खाच मारून दिली. ६,५०० रुपये आणि एक पूर्ण दिवस. पहिल्या पाहणीतच ही उंची मोजायला हवी होती.

चाचणी झाल्यावरच नायट्राइल रबरचे इन्सुलेशन चढवले. गरम पाइपांवर, थंड पाइपांवर, आणि थंड बाजूच्या व्हॉल्व्हच्या अंगावरही. पाइप जिथे टांगलेला असतो तिथे कठीण फोमचे आडवे ठोकळे घातले, नाहीतर क्लँप रबर दाबून टाकतो आणि पावसाळ्यात तिथूनच थेंब पडू लागतात. इन्सुलेशन चढण्याआधी मी प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवला.

कंट्रोलचे जोडकाम माझे स्वतःचे. थंड कॉइलचा व्हॉल्व्ह तापमान आणि आर्द्रता यांपैकी ज्याची मागणी जास्त असेल त्याचे ऐकतो, आणि गरम कॉइलचा व्हॉल्व्ह फक्त तापमानाचे ऐकतो. एकाच वेळी थंड आणि गरम करणे म्हणजे वीज वाया घालवणे, असे लेखा विभागाला वाटले होते. म्हणून पावसाळा सोडून इतर महिन्यांत गरम पाण्याचा पंप बंद ठेवायचा आणि आर्द्रता ६० टक्क्यांवर गेली तरच सुरू करायचा, असे ठरले.

२६ तारखेला ओटी धुऊन निर्जंतुक केली, स्वॅब दिले, आणि अहवाल येईपर्यंत वाट पाहिली. ३० जानेवारीला पहिली शस्त्रक्रिया झाली. एकूण खर्च ३,०८,०५० रुपये, मंजुरीपेक्षा २३,०५० रुपये जास्त. त्याची कार्योत्तर मंजुरी मार्चमध्ये मिळाली. पाइपकामाच्या बिलातले दहा टक्के मी पावसाळ्यापर्यंत रोखून धरले होते आणि तशी अट ऑर्डरमध्येच घातलेली होती, कारण हिवाळ्यात बसवलेल्या अशा कॉइलची खरी परीक्षा जुलैतच होते.

मध्ये उन्हाळ्यात एक गोष्ट लक्षात आली. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत कॉइलवर पाणी फारसे गळत नाही, ट्रॅप वाळतो आणि बाहेरची धुळकट हवा ड्रेनमधून ओटीच्या युनिटमध्ये शिरू लागते. तेव्हापासून दर सोमवारी ट्रॅपमध्ये तांब्याभर पाणी ओतण्याची नोंद पाळीच्या रजिस्टरमध्ये आहे.

२२ जुलै २०२५ रोजी सकाळपासून झड लागली होती. मी तीच वही घेऊन वर गेले. कॉइलमध्ये जाणारे पाणी ७.२ अंश, बाहेर पडणारे १२.१, आणि कॉइलमधून निघणारी हवा ११.८. हवा परतीच्या पाण्यापेक्षा थंड होती. गरम कॉइलनंतर १७.५ अंश. खाली ओटीत २१.५ अंश आणि आर्द्रता ५६ टक्के. मी काकांना हाक मारून आकडे दाखवले. त्यांनी चष्मा लावून ते वाचले, ड्रेनच्या तोंडाशी वाकून वाहणारी धार पाहिली, आणि आपले रोखलेले पैसे कधी मिळतील ते विचारले. २१,२०० रुपयांचा तो धनादेश त्याच आठवड्यात निघाला.